पहिल्या तपासणीत ‘आहे’ आलं, मग पुढं काय?

सिद्धेश्वर आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. आजचा विषय गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. पण कॅन्सरवर आम्ही थोडंच बोलणार, तपासणीवर जास्त. कारण उपकेंद्रात तपासणीचा दिवस झाला की संध्याकाळपर्यंत गावात दोनच निरोप फिरतात. एक, “तिला काहीच निघालं नाही.” दुसरा, “तिला कॅन्सर निघाला.” पहिला निरोप कधीकधी खोटा असतो. दुसरा बहुतेक वेळा खोटाच असतो.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींना असंच “पांढरं दिसलं” म्हणून चिठ्ठी मिळाली. पुढच्या तपासणीला हिंगोलीला जायचं होतं. घरात रडारड झाली, मालक म्हणाले पिशवीच काढून टाकू, सासूबाई म्हणाल्या कुणाला सांगू नका. मिळालेली तारीख नेमकी पेरणीत आली आणि वहिनी गेल्या नाहीत. आता त्या म्हणतात, दुखत तर काही नाही, मग कशाला जायचं? चिठ्ठी अजून फडताळात आहे. त्यांना रागावून उपयोग नाही. त्या चिठ्ठीचा अर्थ काय, हेच त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. तो आज सांगायचा प्रयत्न करतो.

उपकेंद्रात होते ती तपासणी म्हणजे व्हीआयए. व्हिनेगरमध्ये जे ॲसिटिक ॲसिड असतं ते पाण्यात तीन ते पाच टक्के मिसळतात, कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावतात आणि एक मिनिट थांबून उजेडात बघतात. जिथं पेशी बदलायला लागल्या असतील ती जागा पांढरी पडते. एवढंच. सुई नाही, कापणं नाही. पण बाई, पांढरं पडायला दुसरीही कारणं असतात. अंगावरून जातं तेव्हा आत सूज असते, जंतुसंसर्ग असतो, तेव्हाही पांढरं दिसतं. म्हणून पांढरं दिसलं याचा अर्थ “इथं कुणीतरी नीट बघायला हवं” एवढाच. त्यापुढचं काही ती तपासणी सांगतच नाही.

आखाड्यावरच्या कुत्र्याचं बघा. रात्री कुणी आलं की ते भुंकतं. चोर आला तरी भुंकतं, रानडुक्कर आलं तरी भुंकतं, आणि शेजारचा आबा पाणी द्यायला आला तरी भुंकतं. म्हणून आपण त्याला वेडं म्हणतो का? नाही. त्याचं काम भुंकायचं. मग घरधनी बॅटरी घेऊन उठतो आणि बघतो, चोर आहे का आबा आहे. ते काम बॅटरीचं. आखाड्याला दोन्ही लागतात.

डॉक्टरांच्या पुस्तकात याला दोन मोठे शब्द आहेत, संवेदनशीलता आणि विशिष्टता. आम्ही त्यांना पकड आणि पारख म्हणतो. ज्यांना खरंच आजार आहे त्यांतल्या किती जणी तपासणीत सापडल्या, ती तिची पकड. ज्या खरंच निरोगी आहेत त्यांतल्या किती जणींना तपासणीनं “तू चांगली आहेस” म्हणून बरोबर सोडलं, ती तिची पारख. दोन्ही शंभर टक्के असलेली तपासणी आम्हाला अजून कुणी दाखवलेली नाही. बहुतेक वेळा एक वाढवायला गेलं की दुसरी कमी होते. कुत्रं पानाच्या आवाजालाही भुंकणारं पाळलं तर चोर सुटणार नाही, पण झोपही मिळणार नाही.

म्हणून पहिली तपासणी चांगल्या पकडीची घेतात आणि दुसरी चांगल्या पारखीची.

हे नुसतं बोलणं नाही. आपल्या मराठवाड्यातल्याच बायकांनी हे सगळ्या जगाला दाखवून दिलं, आणि ते आपल्याकडंच फारसं कुणाला माहीत नाही. 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होतं. 30 ते 59 वर्षं वयाच्या 1 लाख 31 हजार 746 बायका, सगळ्या खेड्यापाड्यातल्या. गावांचे चार भाग केले. एका भागात व्हीआयए, दुसऱ्यात पेशींची काचेवरची तपासणी, म्हणजे पॅप, तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूची तपासणी. चौथ्या भागात वेगळी तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा होती तीच. त्या चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढं बरीच टीका झाली, आणि ती आम्हालाही पटते. पण त्या बायकांमुळं जे कळलं ते वाया जाऊ नये, म्हणून सांगतो.

व्हीआयए झालेल्या दर हजार बायकांत सुमारे 140 जणींना “आहे” आलं. दुर्बिणीतून बघून, तुकडा तपासून, त्यांतल्या कॅन्सरच्या आधीचा मोठा बदल किती जणींना निघाला? सुमारे सात. एकशे चाळीसातल्या सात! प्रत्यक्ष कॅन्सर निघालेल्या त्याहूनही कमी. बाकीच्यांना सूज होती, संसर्ग होता, किंवा आपोआप बरे होणारे किरकोळ बदल होते. एचपीव्हीच्या तपासणीत हजारात सुमारे 103 जणींना “आहे” आलं आणि मोठा बदल नऊ जणींना निघाला. आता सांगा, पहिल्या चिठ्ठीवर रडायचं का?

पण म्हणून चिठ्ठी फडताळात टाकायची, असंही नाही. ते सात जण त्याच एकशे चाळीसात आहेत, आणि आपण कुठल्या हे दुसऱ्या तपासणीशिवाय कळत नाही.

जरा हिशेब करू. गटाचे हिशेब आपण करतोच, हा त्याहून सोपा आहे. आकडे आम्ही समजायला सोपे घेतलेत, कुठल्या एका गावाचे नाहीत. हजार बायका धरा. त्यांतल्या दहा जणींना खरंच आजार आहे, 990 निरोगी आहेत. पहिली तपासणी दहातल्या नऊ आजारी बरोबर पकडते आणि निरोगी बायकांत दहातल्या एकीला उगाच “आहे” म्हणते. म्हणजे आजारी नऊ सापडल्या, आणि निरोगी 99 जणींनाही चिठ्ठी मिळाली. एकूण 108 चिठ्ठ्या. बारातली एक खरी.

आता या 108 जणी दुसऱ्या तपासणीला गेल्या. तीही दहातल्या नऊ पकडते, म्हणजे आपल्या नऊपैकी आठ. निरोगी बायकांत ती विसातल्या एकीलाच चुकते, म्हणजे 99 पैकी पाच. आता उरल्या तेरा, त्यांतल्या आठ खऱ्या. बारात एक होती ती आता निम्म्याहून जास्त झाली. 94 बायकांची काळजी मिटली. त्यांना औषध नाही, ऑपरेशन नाही, घरी जायचं.

यात एक फुकट मिळालेलं नाही, तेही सांगायला हवं. दहातल्या दोन आजारी बाया निसटल्या. एक पहिल्या तपासणीत, एक दुसऱ्या. दोन तपासण्या एकीमागून एक लावल्या आणि दोन्हीत “आहे” आलं तरच धरायचं ठरवलं, की पारख वाढते, पण पकड दोघींपेक्षाही कमी होते. पहिलीत जी सुटली ती दुसरीच्या दारात जातच नाही. येलदरीतून सुटलंच नाही ते पाणी पूर्णेतून सिद्धेश्वरात कुठून येणार? म्हणून पहिली तपासणी पकडीत कच्ची असून चालत नाही. दुसरी कितीही भारी ठेवा, मुंबईहून मशीन आणा, पहिलीनं सोडलेली बाई ती शोधून आणणार नाही.

आता तोच हिशेब पुन्हा, पण 108 पैकी निम्म्याच बायका दुसऱ्या तपासणीला गेल्या. कुणाची पेरणी, कुणाकडं लग्न, कुणाला गाडीभाड्याला पैसे नाहीत, कुणाला सोबत नाही. मग नऊ आजारींतल्या चार-पाच जणीच पोचल्या आणि सापडल्या चार. दहातल्या चार! दोन्ही तपासण्या होत्या तशाच चांगल्या आहेत, डॉक्टर तेच, औषध तेच. तपासण्यांच्या चुकीनं दोन बाया गेल्या होत्या, न जाण्यानं आणखी चार गेल्या. या आकड्याकडं आम्ही बराच वेळ बघत बसलो होतो. दोष शोधायचा तर तो औंढा ते हिंगोलीच्या रस्त्यावर आणि आपल्या घराच्या उंबऱ्यावर जास्त सापडेल.

म्हणूनच बऱ्याच ठिकाणी दुसरी पायरी लांब ठेवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली दोन्ही वाटा मान्य केल्या. एक, पहिली तपासणी, मग दुसरी, मग उपचार. दुसरी, जिथं बाई परत येईल याची खात्री नाही तिथं पहिल्या तपासणीनंतर लगेच बघून ती जागा शेकून टाकायची. त्याला थर्मल ॲब्लेशन म्हणतात, काही मिनिटांचं काम, रात्री मुक्काम नाही. यात काही निरोगी बायकांवरही उगाच उपचार होतो. पण तो लहान असतो, आणि बाई हातची जात नाही. आम्हाला विचाराल तर गावच्या दृष्टीनं दुसरी तपासणी जवळ आणणं हाच खरा उपाय आहे. तो आपल्या हातात नाही. तारीख पाळणं मात्र आहे.

धाराशिवच्या अभ्यासाचं पुढं काय झालं ते राहिलं. आठ वर्षं बायकांवर लक्ष ठेवलं, निकाल 2009 साली छापून आला. तपासणी न झालेल्या भागात 31 हजारांवर बायका होत्या, त्यांतल्या 64 या कॅन्सरनं गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात 34 हजारांवर होत्या, त्यांतल्या 34 गेल्या. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीनं आणि तिच्यामागच्या उपचारानं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयए आणि पॅपच्या भागात तसा स्पष्ट फरक दिसला नाही. कारण पकड. ज्यांना “नाही” आलं होतं त्यांच्यात पुढं किती कॅन्सर निघाले हे त्यांनी मोजलं. व्हीआयए किंवा पॅपमध्ये “नाही” आलेल्यांत ते प्रमाण एचपीव्हीत “नाही” आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. चांगल्या पकडीच्या तपासणीचं “नाही” भरवशाचं असतं. चांगल्या पारखीच्या तपासणीचं “आहे” भरवशाचं असतं. उलटं धरून चाललो की घोटाळा होतो.

मग आपल्याकडची व्हीआयए निकामी म्हणायची का? मुळीच नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून झोपडपट्टीतल्या बायकांत हीच तपासणी केली, दर दोन वर्षांनी, चार वेळा, आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. तिथं या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. या वेळी सुटलेली बाई पुढच्या वेळी सापडते. पेशी बदलायला लागल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा जास्त लागतात, म्हणून पुन्हा संधी मिळते. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी तपासणी ठरवलेली आहे. गेल्या वेळी चांगलं निघालं म्हणून या वेळी घरी बसायचं नाही. आणि पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, ती बघायची जागा आत सरकते, त्यामुळं व्हीआयएत दिसायचं राहून जाऊ शकतं. त्या वयाच्या मावश्यांनी आम्हाला दुसरी कुठली तपासणी मिळेल का, हे विचारून घ्यावं.

दुसरी तपासणी पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची असावी लागते, हेही ध्यानात ठेवा. एकाच बाईचं तेच पांढरं दोघींनी बघितलं तर दोघींनाही पांढरंच दिसणार. सूज आहे तोवर शंभर जणींनी बघितलं तरी फरक नाही. गरोदरपणी आपली एचआयव्हीची तपासणी होते ना, तिथं पहिल्या तपासणीत “आहे” आलं तर त्याच रक्तावर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन तपासण्या करतात, मगच सांगतात. एक किट ज्याला फसलं त्याला दुसरं फसू नये म्हणून. इथं व्हीआयएनंतर कोल्पोस्कोपी असते, म्हणजे दुर्बिणीतून बघणं, आणि शंका आली तर बारीक तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं गावोगाव बोललं जातं. खोटं आहे ते. या एका बोलण्यानं किती बायका अर्ध्या वाटेवरून परतल्या असतील.

एचपीव्हीबद्दल एक गोष्ट उघड बोलतो, कारण घरं मोडायची वेळ येते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, म्हणून “आहे” आलं की बाईकडं बोट दाखवतात, नाहीतर बाई नवऱ्याकडं. हा विषाणू आयुष्यात कधीतरी बहुतेकांना लागून जातो. बहुतेकींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. चारित्र्याची तपासणी म्हणून ती करतच नाहीत.

आता पिशवी काढण्याचं. पहिल्या तपासणीत “आहे” आलं किंवा नुसतं अंगावरून जातंय म्हणून कुणी “पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून मोकळी हो” म्हणालं तर हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या एवढ्या काढल्या गेल्या की 2019 साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एकशे चाळीसातल्या सात हा आकडा आठवा. दुसऱ्या तपासणीचा कागद हातात नसताना ऑपरेशन म्हणजे बॅटरी न लावता अंधारात काठी घालणं. ती आबाच्या डोक्यात बसते.

गटांनी काय करायचं यावर आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं होतं, कुणाला चिठ्ठी मिळाली याची वही ठेवू. ते आम्ही नाकारलं. वही चार हातांत फिरते. त्याऐवजी दोन-तीन गावांत असं ठरलंय की जिला चिठ्ठी मिळाली तिनं फक्त एकीला सांगायचं, जिच्यावर भरवसा आहे तिला. तिचं काम सोबत जायचं. मासिक बैठकीत नाव न घेता एवढंच विचारायचं, “या महिन्यात कुणाला तालुक्याला किंवा हिंगोलीला सोबत हवी का?” गाडीभाडं गटातून बिनव्याजी द्यायचं. तारीख पेरणीत, काढणीत किंवा हळदीच्या घाईत येत असेल तर आशाताईंना त्याच दिवशी सांगून पुढची मागून घ्यायची. तारीख बदलली तर चालते, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. निघताना पहिली चिठ्ठी सोबत घ्या, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आणि तपासणी झाल्यावर उठून यायच्या आधी तिथंच विचारा: ही पहिली तपासणी आहे की पक्की करणारी? “नाही” आलं तर परत कधी यायचं? “आहे” आलं तर पुढं कुठं जायचं? दुर्बिणीच्या तपासणीत काही निघालं नाही तरी काही जणींना डॉक्टर वर्षभरानं परत बोलावतात. ते टाळू नका. दुसरी तपासणीही एखादीला चुकते, हे आपण हिशेबात बघितलंच.

हा सगळा हिशेब काही त्रास नसलेल्या बायकांचा आहे, हे नीट ऐका. संबंधानंतर रक्त जातंय, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसतंय, घाण वासाचं पाणी जातंय, पाळीच्या मधेच रक्त जातंय, असं असेल तर उपकेंद्रात “नाही” आलेलं असलं तरी थेट डॉक्टरांकडं जायचं. तिथं चाळणी लावायची नसते, निदान करायचं असतं. आमची तपासणी झालीय, चांगली आली होती, म्हणून थांबलो, असं म्हणू नका.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं, पिशवी काढलेली आहे, आता तपासणी कशाला? तोंडासकट पूर्ण पिशवी काढली असेल, ती कॅन्सरसाठी काढलेली नसेल आणि आधी कधी मोठा बदल निघाला नसेल, तर या तपासणीची गरज सहसा राहत नाही. पण काही ऑपरेशनांत पिशवी काढतात आणि तोंड तसंच ठेवतात. मग तपासणी बाकीच्यांसारखीच करायची. कोणतं ऑपरेशन झालंय ते दवाखान्यातून सुट्टी देताना मिळालेल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद शोधून आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या मॅडमना दाखवा, त्या वाचून सांगतील.